कमलबाईंच्या ओळीखालची जागा

सत्याऐंशी साली धुळ्यात देवपूरच्या एका गल्लीत मगनचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाबाहेर श्रोता मंडळाचा फळा लावलेला होता. मंडळ सर्वांसाठी खुलं आहे, असं त्याच्या डोक्यावर पांढऱ्या रंगात लिहिलं होतं. कुणीही खडू घ्यावा, ऐकलेल्या गाण्याबद्दल चार शब्द लिहावेत. बाकीच्यांनी खाली उत्तर लिहून आपलं नाव टाकावं. मंडळातल्या रतिलालनं नुसतं ‘कालचं गाणं झकास’ लिहिलं तरी संध्याकाळपर्यंत खाली ‘एकदम झकास, रतिलालभाऊ’ची रांग लागे. कोणतं गाणं, हे कुणी विचारत नसे.

त्या फळ्यावर एका रविवारी कमलबाईंनी लिहिलं. त्या गल्लीतच ब्लाउज शिवायच्या, रेडिओ दिवसभर मशीनशेजारी. त्यांनी लिहिलं होतं : ‘दुपारी विरहाचं गाणं लागलं की माझा पाय मशीनवर थांबतो. गिऱ्हाईक समोर असलं तरी थांबतो. असं आणखी कुणाचं होतं का? – कमल झुलाल पाटील.’

कुणी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या रविवारी नाही, तिसऱ्या रविवारीही नाही. बरं, पुसलंही नाही. सगळे कमलबाईंच्या ओळी मधोमध ठेवून कडेकडेनं लिहीत होते, रस्त्यात कुणी उतारा टाकून ठेवलाय आणि त्याला पाय लागू द्यायचा नाही, तसे. गनीनं तर जागा पुरेना म्हणून खालच्या लाकडी पट्टीवर लिहिलं.

घरी कमलबाईंनी विषय काढला, तर नवरा झुलाल जेवता जेवता म्हणाला, “तुनं नाव बठ्ठास्नी वाचं, सारी गल्लीनी वाचं. आजून काय पाह्यजे तुले?”

“उत्तर,” त्या म्हणाल्या.

“मी देऊ का?”

“तू रेडिओ ऐकस का कधी?”

त्यानं वरण मागितलं.

चौथ्या रविवारी मंडळाचा चहा चालू असताना कमलबाई दुकानापुढे जाऊन उभ्या राहिल्या. रतिलालनं लगबगीनं स्टूल पुढे केलं. त्या बसल्या नाहीत.

“मी काही चुकीचं लिहिलंय का, भाऊ?”

“छे छे, वहिनी. अक्षर किती सुंदर आहे तुमचं.”

“मग खाली कुणी लिहीत का नाही?”

सगळे बशीत बघायला लागले. शेवटी मगन म्हणाला, “कसं आहे वहिनी, तुमच्या नावाखाली आमच्यापैकी एकाचं नाव आलं, तर येणारे जाणारे दोन्ही नावं एका दमात वाचतील. गल्ली आहे ही. आम्ही तुमचा मान ठेवतो.”

“मान ठेवता, मग पुसून टाका. तुमची अडचण तरी जाईल.”

“बाईमाणसाच्या हातचं कसं पुसायचं?” रतिलाल म्हणाला, आणि हे फार सभ्य बोललो अशा चेहऱ्यानं त्यानं इतरांकडे पाहिलं.

मान द्यायला यांच्या खिशातलं काही जात नव्हतं. बाईला विचारल्याचं उत्तर दिलं, तर मात्र अब्रू जाणार होती. आणि तीही तिची नव्हे, यांची.

दुकानामागेच मगनचं घर. मधल्या दारातून त्याची बायको भिकुबाई कपबशा न्यायला आली होती. हातात थाळी घेऊन ती तिथेच उभी राहिली.

“मनंबी तसंच व्हस, कमलताई,” ती म्हणाली. “परवा पोळी करपी गई. गाणं सरेपर्यंत मी तठेच उभी.”

“तू मझार जाय,” मगन आतल्या घराकडे हात करत म्हणाला.

कमलबाईंनी खडू उचलला आणि आपल्या ओळींखाली लिहिलं : ‘होय, माझंही होतं. पोळी करपते. – भिकुबाई मगन चौधरी.’

मगन उठला. फडकं शोधत बसला नाही. तीन आठवडे ज्या अक्षरांना कुणी हात लावला नव्हता, ती त्यानं तळहातानं पुसली. आधी बायकोचं नाव, मग दोघींच्या सगळ्या ओळी. कुणाला मान आठवला नाही.

“खडू द्या, वहिनी,” मगन म्हणाला.

कमलबाईंनी खडू दिला नाही. त्यांनी काउंटरची फळी वर उचलली, मगनच्या अंगावरून सरळ दुकानात शिरल्या आणि मधल्या दारानं आत गेल्या. भिकुबाई चुलीपाशी जाऊन बसली होती.

“परवाचं म्हणजे कोणतं?” कमलबाईंनी तिच्याशेजारी बसत विचारलं. “ते दुपारी दुसरं लागलेलं गाणं का?”