जमादार आणि वर्दीचा भत्ता

आमच्या नागपूरच्या कचेरीतले जमादार आधी मारायचे आणि मग कारण सांगायचे. जमादार म्हणजे सगळ्या चपराशांवरचा माणूस. नोकरी लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मी एका चपराशाला पान आणायला पिटाळलं, तर यांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की दौत लवंडली. मग म्हणाले, "वर्दीवाल्याले पान आणाले धाडाचं नाही, बाबू." मी कारकून खरा, पण तक्रार करायची माझी छाती झाली नाही.

वर्दीचं त्यांना वेडच होतं. धुलाईभत्ता घेऊन मळका सदरा घालून येणाऱ्याला ते कॉलर धरून नळाखाली उभं करत, भर थंडीतसुद्धा. भांडारातल्या माणसाने एकदा कोटाचं कापड आखूड दिलं, तर त्याचं डोकं त्यांनी कपाटावर आपटलं. माणूस वाईट होता का? मुळीच नाही. पण हात, बापरे!

मग एक चपराशी वारला आणि त्याच्या जागी त्याची बायको सुमनबाई लागली. नियमात कोट, पँट, टोपी. साडीचं नावच नाही. म्हणून भत्ता नाही, आणि वर्दी नाही म्हणून हजेरी नाही. घरात तीन लेकरं. पंधरा दिवस बिचारी व्हरांड्यात बसून परत जात होती. एक दिवस आमचे हेडक्लार्क सगळ्यांदेखत तिला म्हणाले, नवऱ्याची पँट चढवून ये, मग हजेरी लावतो. जमादारांनी टेबलावरचा लाकडी रूळ उचलला. चौथ्या फटक्याला रूळ मोडला. हेडक्लार्कचे दोन दात फरशीवर पडले, माझ्या कागदांवर रक्त उडालं.

चौकशी बसली. निवृत्तीला आठ महिने उरलेले, पेन्शन बुडणार हे उघड होतं. आम्ही कारकुनांनी ठरवलं, हेडक्लार्क पाय घसरून पडले असाच जबाब द्यायचा. मी लिहिलेला जबाब जमादारांनी वाचला, टराटरा फाडला आणि माझ्या कानशिलात लगावली.

"पडले म्हणून काहून लिहून राहिला बे? मी मारलं, ते लिही. मारलंच नाही, त काहून मारलं हे साहेब कसं वाचन? बाईले साडी कशी भेटन?"

गाल चोळत मी खरं ते लिहिलं, पँटीसकट. आपणच या माणसाची भाकरी हिसकावतोय असं वाटत होतं. जमादार बडतर्फ झाले, पेन्शन गेली. पण वरच्या साहेबांनी तो जबाब वाचला. सुमनबाईंची हजेरी लागली आणि पुढे साडीचाही हुकूम आला.

ती साडी नेसून सुमनबाई जमादारांच्या महाल भागातल्या खोलीवर गेल्या. मी सोबत होतो. जमादार फार वाळले होते. सुमनबाईंनी पदर पुढे धरला. त्यांनी टोक दोन बोटांत चोळलं, उजेडाकडे धरून पाहिलं आणि मला विचारलं, "हा चाळणीसारखा कपडा कोनं घेतला गा?"

मी नाव सांगितलं नाही. ते तर चपला पायात सरकवू लागले होते.