मागची सीट

ग्यानबानं आयुष्यात कोणतीच वस्तू सांगितल्या भावात घेतली नाही. आखाडा बाळापूरच्या बाजारात त्याला ओळखत नाही असा दुकानदार नव्हता, आणि त्याला येताना बघून कपाळाला हात लावला नाही असाही नव्हता. गावात कुणाला मोटार घ्यायची असो, म्हैस घ्यायची असो की लग्नाचा बस्ता बांधायचा असो, आधी ग्यानबाला हाक जायची. ‘चल गा, तू नुसता बराबर उभा राहा.’ आणि हा उभा राहतो म्हणता म्हणता दुकानात मांडी ठोकायचा, चहा दुकानदाराचाच प्यायचा आणि वर त्याच्याच मालाला नावं ठेवायचा. स्वतःच्या लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या असताना त्यानं बँडवाल्याशी घासाघीस केली होती. ही गोष्ट त्याची बायको सोजराबाई चाळीसदा तरी सांगायची आणि दर वेळी हसून हसून पदर तोंडाला लावायची.

कंजूस म्हणाल तर तो तसा नव्हता. चार एकर हळद होती, एक सात सीटची जुनी गाडी होती, ती तो लग्नाला, दवाखान्याला भाड्यानं न्यायचा. घरात खाण्यापिण्याला हात आखडता नव्हता. पण स्वस्तात मिळवलेल्या वस्तूची जी गोडी त्याला होती, ती वस्तूची नव्हती. घरी येऊन पिशवी उघडायची, सोजराबाईला म्हणायचं, ‘सांग बरं, केवढ्याला?’ तिनं मुद्दाम भाव चढवून सांगायचा, यानं खरा आकडा सांगायचा, आणि तिनं गालावर हात ठेवून ‘आत्ता गं बाई’ म्हणायचं. एवढ्यासाठी हा माणूस हिंगोलीपर्यंत जायचा.

एकदा असाच त्यानं मिक्सर आणला होता. तो चटणी झकास वाटायचा, पण हात लावला की झटका द्यायचा. सोजराबाईनं काय करावं? लाकडी पाट घेतला, त्यावर उभी राहिली आणि लाकडी चमच्याच्या दांड्यानं बटण दाबायला लागली. दोन वर्षं. ग्यानबाला ते कळलं पोरगा स्वप्निल बोलून गेला तेव्हा. ‘काहून सांगितलं न्हाई?’ म्हणून तो चिडला, तर ती म्हणाली, ‘अवं, चालतंय की. तुमी किती हौसंनं आणला.’

तेव्हाच त्यानं शहाणं व्हायला पाहिजे होतं. पण माणूस आपल्या कौतुकापुढं आंधळा असतो.

मग सोजराबाईची पाठ दुखायला लागली. आधी तेल लावलं, मग बाळापूरच्या डॉक्टरचं इंजेक्शन झालं, मग नांदेडला फोटो काढले, आणि फोटोत मणक्यात गाठ निघाली. कसली गाठ ते डॉक्टरनं ग्यानबाला बाहेर बोलावून सांगितलं. पंचवीस दिवस शेक द्यायचा ठरला. गावाकडं शेक म्हणतात, पण तो विस्तवाचा नव्हे, मशीनखाली झोपवून किरणं सोडतात तो. रोज न्यायचं, रोज आणायचं. नांदेडला खोली करून राहू म्हटलं तर सोजराबाई ऐकेना. घर, म्हशी, उंबरठा सोडून मला मरणबी नको, म्हणाली. डॉक्टरनं तेवढं निक्षून सांगितलं, ‘न्या-आणा, पण गाडीत धक्के बसू देऊ नका. तो मणका आता बिस्किटासारखा झालाय. धक्का बसला की कळ थेट डोक्यात जाईल त्यांच्या.’

आता ग्यानबाची गाडी म्हणजे मागून पार खिळखिळी. चाकाचा धक्का पोटात घेणारे शॉकप असतात ना, ते मागचे दोन्ही केव्हाच मेले होते. ड्रायव्हरला काही वाटत नव्हतं. मागच्या सीटवरची वऱ्हाडी मंडळी मात्र खड्ड्यात टपाला डोकं आपटून घ्यायची. बाळापूर ते नांदेड रस्ता कुठं सिमेंटचा, कुठं उकरलेला, आणि दर गावाला गतिरोधक. ग्यानबानं मनाशी ठरवलं, नवे शॉकप टाकायचे. बायकोला कळ लागू द्यायची नाही. खरं सांगतो, त्या दिवसांत त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

तो हिंगोलीला गेला. कंपनीच्या दुकानात अस्सल जोडीचा भाव ऐकला. आणि तिथं त्याच्यातला जुना ग्यानबा जागा झाला. पैसे नव्हते असं नाही, हळदीचे पैसे बँकेत तसेच पडून होते. हीच तर गोष्ट आहे. तंगी असती तर जिवाला निदान एक सबब राहिली असती. पण सांगितल्या भावात वस्तू घ्यायला त्याचा हातच होईना. तो बाहेर पडला, चार दुकानं फिरला, आणि एका गल्लीत तशीच जोडी एक तृतीयांश भावात मिळाली. खाकी पुठ्ठ्यात गुंडाळलेली, वर ना नाव ना गाव. दुकानदार म्हणाला, ‘मालिक, माल वही है, सिर्फ डब्बा नहीं है.’ ग्यानबा खूश झाला.

बाळापूरच्या फाट्यावर अमरसिंगचं पत्र्याचं गॅरेज आहे. वीस वर्षं ग्यानबाची गाडी त्याच्याच हाताखाली. त्यानं शॉकप हातात घेतला, दांडा दाबून बघितला. दांडा निम्म्यात अडकला, मग एकदम आत गेला.

‘भाऊ, हा माल मी बसवत न्हाई,’ अमरसिंग म्हणाला.

‘काहून?’

‘ह्याच्यात दम न्हाई. वहिनी आजारी हायेत. अस्सल टाका. पैशाची अडचण असंल तर मी आणतो, तुमी मागून द्या.’

झालं. हे बोलणं ग्यानबाला लागलं. ‘पैशाची गोष्ट करू नको अमरसिंग. तू बसव, न्हाईतर मी बसवतो.’

शेवटी दोघांनी मिळून बसवले. जॅक लावला, चाकं काढली, गंजलेल्या बोल्टांवर डिझेल ओतून तासभर वाट बघितली. नव्या शॉकपचं खालचं भोक मोठं होतं, बोल्ट त्यात सैल बसत होता. ग्यानबानंच खिशातून दोन वायसर, लोखंडाच्या चकत्या, काढून मध्ये घातले आणि आवळले. मग अमरसिंगनं मागून गाडी दाबून सोडली. चांगली गाडी एकदा खाली जाते, वर येते आणि गप उभी राहते. ही खाली गेलीच नाही.

‘लई कडक हाय,’ अमरसिंग म्हणाला.

‘कडक म्हंजी मजबूत.’

‘भाऊ, माझं ऐका. मी चालवतो, तुमी एक चक्कर मागं बसून बघा.’

‘मला मागं बसायची सवय न्हाई,’ ग्यानबा म्हणाला, आणि चावी घेऊन निघाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं मागच्या सीटवर दोन गाद्या टाकल्या, उशी ठेवली आणि सोजराबाईला दोन्ही हातांनी उचलून आडवं केलं. गाडी फाट्यावर आली तसं त्यानं विचारलं, ‘सोजर, नवे शॉकप टाकलेत. सांग बरं, केवढ्याला?’

मागून जरा वेळानं आवाज आला. तिनं चढवून भाव सांगितला. यानं खरा सांगितला.

‘आत्ता गं बाई,’ ती म्हणाली.

पुढं एक उकरलेला पट्टा लागला. ग्यानबानं गाडी हळू घेतली, दात-ओठ खाऊन एकेक खड्डा चुकवला, चुकला नाही तो सोसला. पार झाल्यावर विचारलं, ‘कसं हाय गं मागं? लागून राहिलं का?’

‘न्हाई. बरं हाय. झोप लागून राहिली.’

ग्यानबाचा जीव भांड्यात पडला. झोप लागतेय म्हटल्यावर त्यानं गाडी जरा दामटली, म्हणजे शेक लवकर होईल, ती लवकर घरी येऊन पडेल. त्यानंतर रोज हेच. खराब रस्ता आला की हा विचारायचा, ती झोप लागतेय म्हणायची, आणि हा गाडी दामटायचा. आरशात ती दिसायची नाही, आडवी असायची. पारावर तो सांगायचा, ‘अमरसिंगला काय कळतंय? माझी बायको नांदेडपर्यंत झोपून जाती.’

एक गोष्ट मात्र झाली. आठवा का नववा शेक असेल. गाडी धुताना त्याला दिसलं, मागच्या डाव्या दारावरचं धरायचं हँडल एका बाजूनं उचकटलंय. स्क्रू भोकातून निघून लोंबत होता. मधल्या रविवारी गाडी एका लग्नाला गेली होती. ग्यानबानं त्या लग्नघरी जाऊन तोंड सोडलं, तुमची पोरं वांदरं हायेत का, म्हणाला. घरी येऊन सोजराबाईला सांगितलं, तर ती भिंतीकडं बघत म्हणाली, ‘जाऊ द्या. लगनातली लेकरं. लोंबकळली असतील.’ दुसऱ्या दिवशी ग्यानबानं स्क्रू परत आवळला, आणि तिनं आपल्या जुन्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडून त्या हँडलला घट्ट गुंडाळली. हलू नये म्हणून, म्हणाली. ग्यानबा हसला. ‘तूबी शिकलीस की जुगाड.’

पंचवीस शेक झाले. त्यानंतर सव्वा महिन्यानं सोजराबाई गेली. घरीच गेली, उंबरठ्याच्या आत, तिच्या मनासारखी.

तिसऱ्या दिवशी राख सावडली. अस्थी गाडग्यात भरल्या, वर लाल फडकं बांधलं. गोदावरीत सोडायला नांदेडला जायचं होतं. स्वप्निल पुण्याहून आला होता, पुण्यात तो कंपनीत कामाला होता. ग्यानबा सवयीनं चावी घेऊन पुढच्या दाराकडं गेला, तसे भाऊबंद म्हणाले, ‘अरे, अग्नी तू दिलास. गाडगं तुझ्याच मांडीवर पाहिजे. वाटंत खाली टेकवायचं नसतंय. पोरगं हाकंल गाडी.’ पुढच्या सीटवर नारळ, फुलं, पिंडाचं सामान ठेवलेलं होतं. ग्यानबा मुकाट मागं जाऊन बसला. वीस वर्षांत आपल्या गाडीच्या मागच्या सीटवर तो पहिल्यांदाच बसत होता.

फाट्यावर पहिला गतिरोधक आला. स्वप्निलनं गाडी पार हळू केली होती, तरी खालून असा दणका आला की ग्यानबा गाडग्यासकट सीटवरून उचलला गेला. तो पडला ते कंबरेवर. जबड्यात कळ गेली.

‘हळू घे रे,’ तो म्हणाला.

‘हळूच हाय आबा. वीसच्या वर न्हाई.’

मग उकरलेला पट्टा लागला. तिथं एकामागून एक दणके बसायला लागले. शॉकपचं तेल केव्हाच गळून गेलं होतं, वायसर सैल होऊन आत लोखंडावर लोखंड आपटत होतं. तो आवाज पुढच्या सीटवर कधी ऐकूच आला नव्हता. डावा हात त्यानं गाडग्याभोवती आवळला आणि उजवा आधाराला वर नेला. तिकडं हँडल मोडून पडलेलं, काही नव्हतंच. म्हणून तो सरकत सरकत डाव्या दाराशी गेला, गाडगं उजव्या काखेत घेतलं आणि डाव्या हातानं वरचं हँडल धरलं. धरून अंग वर खेचलं, सीटपासून वीतभर अधांतरी. तेव्हा कुठं दणका पाठीत बसेना.

त्याची बोटं हिरव्या पट्टीवर होती. त्यानं वर बघितलं. लुगड्याचा हिरवा रंग दोन्ही टोकांना तसाच होता. मधे मात्र काळपट, तेलकट झाला होता, घामानं कडक झाला होता, आणि तिथं चार बोटांच्या चार खाचा पडल्या होत्या. ग्यानबाची बोटं त्या खाचांत मावत नव्हती. त्या लहान हाताच्या होत्या.

लग्नातली लेकरं नव्हती ती. पंचवीस वेळा जाताना आणि पंचवीस वेळा येताना ही बाई ह्या हँडलला लोंबकळली होती. बिस्किटासारखा मणका घेऊन, हातावर सगळं अंग तोलून, आणि पुढून आवाज आला की ओठ आवळून म्हणत होती, झोप लागून राहिली. आणि ती झोप ऐकून आपण गाडी दामटत होतो.

ग्यानबाला आधी रडू आलं नाही, लाज आली. अशी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती. एवढा मोठा बाजार केला, सगळ्या जगाला भाव सांगितला, आणि अमरसिंगनं सांगितलं तेव्हा एक चक्कर मागं बसून बघितलं नाही. मग रडू आलं. गाडगं छातीशी धरून तो आवाज न करता रडत राहिला, आणि गाडी आपटत राहिली. त्यानं हँडल सोडून दिलं. दणके बसू दिले.

पुढं स्वप्निलची मान दिसत होती. तिसऱ्या दिवसाची दाढी वाढलेली, खांदे वर आखडलेले. स्टेअरिंग तो दोन्ही हातांनी आवळून धरून होता. आईला शेवटचं नेताना एक खड्डासुद्धा लागू नये, असं त्या पोराच्या पाठीवर लिहिलं होतं. रस्त्यावरची नजर न काढता त्यानं विचारलं,

‘आबा, कसं हाय मागं? लागून राहिलं का?’

ग्यानबानं तोंड उघडलं. त्याला सांगायचं होतं, थांबव गाडी, कडंला घे, तुझ्या मायचं मी काय केलं बघ. पण त्या आखडलेल्या खांद्यांकडं बघून त्याला ते बोलवेना. आणि सोजराबाईला ते का बोलता आलं नसेल, तेही त्याला त्याच वेळी कळलं.

‘न्हाई,’ तो म्हणाला. ‘बरं हाय. झोप लागून राहिली.’

स्वप्निलचे खांदे जरा सैल झाले. बाप झोपतोय म्हटल्यावर त्यानं गाडी थोडी दामटली.