अमरावतीला नेलेलं बंद पाकीट

तेल्हाऱ्याहून अमरावतीला तुम्ही आता झटक्यात पोचता. एकोणीसशे साठच्या आसपास त्यात पुरा दिवस जायचा. माझा तर तो दिवस एका बंद पाकिटाकडे बघण्यातच गेला.

पदवीधर शिक्षकांसाठी अमरावतीत उन्हाळी कला-शिक्षण वर्ग निघाला आणि आमच्या हेडमास्तरांनी माझं नाव परस्पर कळवून टाकलं. त्यांचा भाचा नुकताच बी.ए. होऊन घरी बसला होता. मी नापास झालो की माझी चित्रकलेची जागा त्याला. एवढा डाव न कळायला मी काही बावळट नव्हतो. निघताना त्यांनी पाकीट दिलं, डिंकाने चिकटवलेलं.

"तिथल्या सरायले पहिल्याच दिवशी द्या. इसरू नका."

तोंडी निरोप मी सांगितला नसता का?

अकोल्यापर्यंत मोटर. मागच्या बाकावर बसू नका, हाडं खिळखिळी होतात. पुढे आगगाडी. मूर्तिजापूरला भाकर, ठेचा आणि कांदा काढला. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कावून जी, घडीघडी पाकीट उन्हात धरून पायता?" मी ते लगेच आतल्या खिशात कोंबलं. बडनेऱ्याला उतरून अमरावतीचा टांगा केलात तर भाव आधीच ठरवा, मी त्या टांगेवाल्याला अजून विसरलो नाही.

पाकीट मी दिलंच नाही. ट्रंकेच्या तळाशी घातलं.

वर्गाचे सर पुण्याचे. फार गोड बोलायचे, म्हणून संशय आणखीच वाढला. शिकवायचे मात्र झकास. मातीकाम, कागदकाम, मुलांना नमुना न गिरवता चित्र कसं काढू द्यावं, सगळंच. पुरी झालेली चित्रं वर्गात ठेवायची असत. मी ती खोलीवर नेऊन ट्रंकेत ठेवायचो, कोणी आपल्या नावावर खपवली तर? सर बाकांमधून फिरत विचारायचे, "झालं का तुमचं?" मी हात न थांबवता म्हणायचो, "काढून राहिलो, सर." ते वहीत काहीतरी लिहायचे.

तिसऱ्या आठवड्यात ती वही उघडी दिसली. माझ्या नावापुढे ओळीने: राहिले, राहिले, राहिले.

झालं! हेडमास्तरांनी दुसरं पत्र टपालाने धाडलं असणार. मी खोलीवरून पाकीट आणलं आणि सरांच्या टेबलावर आपटलं. "घ्या. मले नापास करायचंच हाय तं उघड करा."

सरांनी पाकीट फोडून मोठ्याने वाचलं. "आमचे मास्तर 'काढून राहिलो' म्हणतील. चित्र राहिलं असे समजू नये, काम चालू आहे असे समजावे. पुण्यात शिकताना या एका शब्दापायी मी एक वर्ष गमावले. मास्तरांचा हात चांगला आहे. सांभाळून घ्यावे."

"मला वाटायचं, तुम्ही रोज कबूलच करताय," सर म्हणाले. "चित्रं आहेत कुठे?"

मी ट्रंक उचलून आणली. मला फार लाज वाटली. संध्याकाळपर्यंत सर एकेक चित्र बघत बसले आणि वहीतलं 'राहिले' खोडत गेले.

पास होऊन घरी आलो. भाचा केव्हाच पोस्टात लागला होता. हेडमास्तरांनी प्रमाणपत्र दोनदा वाचलं, मग म्हणाले, "पाकीट पहिल्याच दिवशी देल्लं नं?"

"द्यायचं राहिलं, जी."

"कावून?"

त्याचं उत्तर मात्र खरंच द्यायचं राहिलं.