फकीर मोहम्मदचा स्पॅनिश कोश

मेहकरला आमच्या शाळेच्या फाटकासमोर फकीर मोहम्मद जिल्दसाजाचं दुकान होतं. शाळेची हजेरीपत्रकं, कचेरीची दप्तरं, वाचनालयाची पुस्तकं, कुराण, पोथ्या, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. शिलाई सुटलेलं पुस्तक तो कुणाला उघडू द्यायचा नाही. "उघडलं का एक पान मरते," असं म्हणायचा. तुमच्या हातातून पुस्तक घेणार, सुतळीनं बांधणार, आणि मग ते शिकंज्यातून दाबून निघेपर्यंत मालकालाही दिसणार नाही. मी नवा मास्तर असताना त्याच्याकडे अंकगणित बांधायला दिलं आणि अठरा दिवस पोरांना तोंडी हिशेब घालत बसलो.

त्याचा एकुलता मुलगा सईद माझा विद्यार्थी. मॅट्रिक होऊन तो मुंबईच्या एका पेढीत कारकून झाला. पेढीची दुकानं परमुलखात होती. तीन वर्षांच्या करारावर तिनं त्याला पनामाला धाडलं. दीड वर्षानं त्याचं पत्र आलं, की नोकरी सोडली आहे, करार मोडला आहे, माझा नवा पत्ता पेढीला कळू देऊ नका. त्यानंतर सात महिने काहीच नाही.

१९३४ च्या मे महिन्यात पाकीट आलं. वरचा पत्ता सईदच्या हातचा, पण अक्षर म्हाताऱ्यासारखं थरथरलेलं. आतली दोन पानं दुसऱ्याच कुणाच्या हातची. खाली सही होती रोझारिओ.

"मास्तर, तुमाले तर इंग्रजी येते," फकीर मोहम्मद म्हणाला.

"हे इंग्रजी नाही, चाचा. स्पॅनिश असावं."

"मंग शिका न," त्याची बायको खुर्शीदाबी दाराआडून म्हणाली. "पोरांले तर रोज मारून मारून शिकवता."

एक-दोन शब्द इंग्रजीच्या वळणाचे दिसत होते, पण त्यावरून काही ठरेना. मुंबईच्या पेढीत वाचणारे असतील, पण तिथं पत्र धाडणं म्हणजे सईदला धरून देणं. अकोल्याला मिशनचे पाद्री होते. फकीर मोहम्मदनं तेही नाकारलं. "खालचं नाव बाईचं असंल. आत का लिवलं हाये ते तिच्या सासूच्या आधी पाद्र्यानं काऊन वाचावं?" सून आहे की नाही हे माहीत नव्हतं, तरी तो सासू म्हणाला. पत्राच्या माथ्यावर जो पत्ता होता त्यावर त्यानं उर्दूत चार ओळी धाडल्या, जसा असशील तसा घरी ये. आणि मी मुंबईच्या एका जुन्या पुस्तकवाल्याला लिहिलं, की स्पॅनिश शिकायची पुस्तकं पसंतीसाठी पाठवा, नको ती परत करू.

तीन पुस्तकं आली. एक व्यापारी पत्रांचं होतं, गाठी, भाव, जहाजं. ते आम्ही लगेच बाजूला ठेवलं. दुसरं पातळ, नवं व्याकरण, अर्धं क्रियापदांच्या रूपांनीच भरलेलं. तिसरा जाडजूड जुना कोश, स्पॅनिशवरून इंग्रजी. त्याची पाठ मोडलेली आणि पानं बाहेर लोंबत होती.

मी सांगितलं, "दोन्ही ठेवू. या भाषेत क्रियापद रूप बदलतं. कोशात एकच रूप दिलेलं असतं. या पातळ पुस्तकाशिवाय कोश आंधळा आहे."

त्यानं पातळ पुस्तक उलटून पाठ पाहिली. "तारेचे टाके हायेत, मास्तर. एका पावसाळ्यात गंजते. हे पुस्तक नाही, जंत्री हाये." मग कोश हातात घेतला, कागदाचा वास घेतला, पानावरून अंगठा फिरवला. "हा असली कागद. याले मी असा बांधतो का माह्या नातवाले पुरंल."

मी सव्वीस वर्षांचा होतो. पुस्तकांच्या बाबतीत त्याच्यापुढे बोलायची मला सवय नव्हती. पातळ पुस्तक मी परत पाठवलं. हट्ट धरायला हवा होता.

त्यानं कोश उसवला. जुना सरस कोमट पाण्यानं सोडवला, फाटल्या कडांना पातळ कागद लावला. आषाढात हवा ओली, खळ वाळेना. बुरशी धरू नये म्हणून मोरचूद घातलेली खळही बुरसली म्हणून टाकून दिली आणि नवी शिजवली. मी विचारायला गेलो की म्हणायचा, "सुकून राह्यलं." श्रावण आला तरी सुकतच होतं.

मी त्याला बोटं चालवताना पाहत असे. एरवी चार दिवसांत जमणारी शिलाई तो घालायचा आणि उसवायचा. पत्र त्यानं गल्ल्यात ठेवलं होतं, आणि गल्ला उघडताना तो दुसरीकडे पाहायचा. हे मी पाहत होतो. त्याचा अर्थ मात्र मला तेव्हा लागला नाही.

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात खुर्शीदाबी शाळेत आली. ती आजवर कधी शाळेत आली नव्हती. ओढणीत कोशाचे सुटे जुज, म्हणजे शिवायच्या पानांचे गठ्ठे, गुंडाळलेले, वर ते पत्र. वर्गासमोर टेबलावर तिनं ते ठेवलं.

"सुटी पानं वाचता येत नाहीत का, मास्तर?"

"येतात," मी म्हणालो.

"मंग वाचा. त्यानं विचारलं तर सांगा, बायकोनं चोरलं."

मी पुस्तकवाल्याला तार केली. पातळ पुस्तक अजून विकलं गेलं नव्हतं. ते येताच आम्ही बसलो. फकीर मोहम्मद आला, जुज क्रमानं लावून मला एकेक देत गेला. एक ओळ लावायला कधी तास लागायचा. नऊ दिवस लागले.

रोझारिओनं लिहिलं होतं, की सईदची छाती बिघडली आहे, पेन धरवत नाही. तिथली इंग्रज वकिलात आजारी माणसाला फुकट मायदेशी पाठवायला तयार आहे. पण त्याचा पासपोर्ट पेढीजवळ राहिला, आणि वऱ्हाड कागदोपत्री निजामाचं, कारभार इंग्रजांचा; म्हणून तो कुणाची रयत, हे तिथल्या साहेबाला समजत नाही. शाळेचा दाखला हवा. नाव, बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा, आणि वर मध्यप्रांत-वऱ्हाडचा शिक्का. सप्टेंबरच्या बोटीआधी.

शाळेचा दाखला. तो माझ्याच टेबलाच्या खणातल्या वहीतून फाडून द्यायचा असे. मे महिन्यात कळलं असतं तर दुपारच्या सुटीत लिहून झाला असता.

मी लिहिला. हेडमास्तर महादेवरावांनी सही केली, शिक्का दोनदा मारला. टपालाला जाताना फकीर मोहम्मदनं पाकिटाची कड स्वतः डकवली आणि बोटानं तीन वेळा दाबली. त्या दिवशी सप्टेंबरची सात तारीख होती. टपालाला दोन महिने लागत.

त्यानं नंतर कोश पुरा केला. चामड्याची पाठ, कापडी कोपरे. पातळ पुस्तकाच्या तारा काढून तेही दोऱ्यानं शिवलं. इंग्रजी अक्षरं त्याला पुस्तकं बांधता बांधता ओळखू यायला लागली होती. आणि रोज दुपारी, काम संपलं की, त्या पहिल्या पत्राचा एकेक शब्द पुन्हा शोधून, आधी मला इंग्रजी अर्थ विचारून, खाली उर्दूत लिहायचा. डिसेंबरपर्यंत त्याला मला फार विचारावं लागेनासं झालं.

जानेवारीत दुसरं पाकीट आलं. आत आमचा दाखला परत आला होता, आणि रोझारिओच्या हातचं एक पान. मी दुकानात शिरलो तेव्हा तो कोश उघडून बसला होता. मी बसलो. त्यानं हात वर करून मला थांबवलं, मग स्वतःच, बोट ओळीवरून सरकवत, अर्थ सांगत गेला.

"ऑक्टोबरच्या नऊ तारखेले गेला." पुढच्या ओळीवर बोट नेलं. "तुमचा उर्दू कागद त्यानं मले वाचून दाखवला." मग एक शब्द कोशात शोधला, पान उलटलं, पुन्हा शोधला. "मी म्हटलं, बापानं दाखल्याचं काहीच काऊन लिवलं नाही? तो हसला. म्हणाला, बाप आधी पुस्तक बांधत असंल. बांधून झालं का वाचंल. दाखला येते."

आतल्या दारात खुर्शीदाबी उभी होती. तिनं विचारलं, "अजून का लिवलं हाये?"

"एवढंच," तो म्हणाला.

पान अर्ध्यापर्यंत लिहिलेलं होतं. खाली अजून तीन ओळी राहिल्या होत्या. त्या त्यानं मी येण्याआधीच वाचल्या असणार, कारण कोश त्यानं मिटला आणि पुन्हा उघडला नाही. आम्हाला त्या त्यानं कधी सांगितल्या नाहीत.