हीच ती सारवणारी

साहेबांसमोरची खुर्ची रिकामी होती. मला बसा म्हणाले नाहीत. दारातल्या नव्या हवालदाराला म्हणाले, "हीच ती सारवणारी. पुरावा स्वतः धुऊन टाकला आणि आता न्याय मागत फिरते."

हवालदार हसला. बाकावर बसलेली दोन माणसंही हसली. मी उभीच. हातात अर्ज होता. माझ्या आईवडलांच्या खुनाचा तपास कुठवर आला, एवढंच त्यात विचारलं होतं. साहेबांनी तो न वाचता पेपरवेटखाली सरकवला आणि मला जायला सांगितलं.

सारवलं मीच. ते खोटं नाही.

औंढ्याच्या वाटेला आमची वाडी. वाडीच्या कडेला दोन खणांचं घर. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. दोन दिवस मामांकडे इंदुरीला गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी परत आले तर अंगणात माणसंच माणसं. नाना, म्हणजे माझे वडील, आणि आई. दोघांच्याही डोक्यात घाव. पोलिसांनी त्यांना गाडीत घातलं होतं. तासाभरात पंचनामा उरकला आणि गाडी गेली.

मग आबा पुढं आले. आबा वाडीतले मोठे. जमीन त्यांची, शब्द त्यांचा, बंगलेवाल्यांचे व्यवहारही तेच जुळवून देतात. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मयताचं घर आसं ठिवू न्हाई. पावनं येत्याल. सारवून घे." दारात पाण्याचा टँकर उभा होता, तोही त्यांचाच. उन्हाळ्याचे दिवस, नळाला तीन दिवसांनी पाणी. मला वाटलं, देवमाणूस.

ओढणी कमरेला बांधली. आधी रक्त धुतलं, मग शेणानं सारवलं. कोपरान् कोपरा. आईसाठी करायचं शेवटचं काम म्हणून जीव लावून केलं. मोरीत दोन पेले आणि एक कपबशी खरकटी पडली होती. तीही राखेनं घासली आणि फळीवर पालथी घातली.

कपबशी आमच्या घरात एकच होती. नाना, आई, मी, सगळे पेल्यात चहा प्यायचो. शेजारीपाजारी पेल्यात, मामासुद्धा पेल्यात. ती कपबशी आई काढायची ती गुरुजी आले, तलाठी आले, कुणी वजनदार माणूस आला तरच. म्हणजे मरायच्या आधी आमच्या घरी कुणी तसाच माणूस चहा पिऊन गेला होता. हे माझ्या डोक्यात पंधरा दिवसांनी आलं. बशीवरचे बोटांचे ठसे तोवर मीच घासून टाकले होते.

साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, "कप सापडला. आता साखर शोधू." सगळं ठाणं हसलं. मग त्यांनी विचारलं, तुझ्या आईकडे एरवी कोण कोण यायचं. कसं विचारलं ते मी लिहिणार नाही. मेलेल्या बाईची अब्रू काढायला त्यांना कसलाच पुरावा लागला नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं झालं. मामांना उचललं, तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी आबा गेले आणि त्यांना सोडवून आणलं. मामा लंगडत घरी आले. त्याच आठवड्यात आबा एक कागद घेऊन आले. वरच्या बंगल्याच्या प्लॉटला आमच्या बांधावरून रस्ता हवा होता. नाना दोन वर्षं नाहीच म्हणत होते. मी उपकारानं वाकलेली. सही केली. पावसाळ्याआधी रस्ता झाला, डांबरी. त्यानंतरही कितीतरी दिवस मी दिसतील तिथं आबांच्या पाया पडत होते. आता त्याची लाज वाटते.

संशय घ्यायलाही माणसाला शिकावं लागतं. मी शिकले खंडाळ्यात, ज्या हॉटेलात खोल्या साफ करते तिथं. एका सकाळी एक बडा पाहुणा खोलीत मेलेला सापडला. मी सवयीनं बादली घेऊन निघाले. मॅनेजर दारात आडवे आले. म्हणाले, कशालाही हात लावायचा नाही. पोलिसांनी दाराला सील ठोकलं. हातमोजे घातलेली माणसं आली. ग्लास, चमचा, उशीचा अभ्रा, सगळं वेगवेगळ्या पिशव्यांत भरून नेलं. खोली चार दिवस बंद. शेवटी कळलं, हार्ट अटॅक होता.

मी जिन्यात बसले. हार्ट अटॅकला चार दिवस सील. आमच्या दोन खुनांना एक तास. सारवलं मी, पण मला सारवू कुणी दिलं? आईबाप नुकतेच गाडीतून गेलेल्या पोरीनं पुरावा सांभाळायचा होता, आणि ज्यांना त्याचाच पगार मिळतो ते जीपमध्ये बसून निघून गेले. इतकी वर्षं त्यांचं पाप मी माझं म्हणून वागवत होते. माझाच मला राग आला.

त्या दिवसापासून मी कुणाचं काही गृहीत धरलं नाही. चांगुलपणा तर अजिबात नाही. शेजारच्या मावशी त्या सकाळी दूध घालायला आल्या होत्या. प्रेतं सगळ्यात आधी पाहिली ती त्यांनी, त्यांच्याच ओरडण्यानं वाडी जमली. त्यांना विचारलं, टँकर कधी आला होता?

मावशींनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाल्या, "मी आले तवा उभाच व्हता, बाय. मला वाटलं, नानांनीच सांगितला आसंल."

आत काय झालंय हे वाडीत कुणालाच माहीत नव्हतं. आणि धुवायचं पाणी दारात हजर. मावशींना म्हणाले, हे पोलिसांना सांगा. त्या नाही म्हणाल्या. त्यांची पोरं वाडीत राहतात. मी एकटीनंच लेखी दिलं. त्याचं उत्तर आलं नाही.

गेल्या महिन्यात कोर्टाची नोटीस आली. पोलिसांनी कळवलं होतं की गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही, तपास बंद करावा. फिर्यादी म्हणून माझी काही हरकत आहे का, असं कोर्ट विचारत होतं. नोटीस घेऊन आलेल्या हवालदारानं 'हरकत नाही' असा कागदही तयारच आणला होता. फक्त सही करायची. मी म्हटलं, वाचून बघते. तो अकराला गेला. दोन वाजता आबा माझ्या खोलीवर हजर. त्यांना कुणी सांगितलं?

"किती वर्सं उकरत बसनार?" आबा म्हणाले. "सई कर आन मोकळी हो. मी हाय की."

मी विचारलं, "आबा, त्या दिवशी टँकर कुणी सांगितला व्हता?"

"आगं, मानुसकीनं धाडला."

"कुनी मेलंय हे कळायच्या आदीच?"

आबा उठले. चपला घातल्या. दारातून वळून म्हणाले, "लय शानी झालीस. एकटी ऱ्हातीस, ध्यानात ठिव."

मी घाबरले. खोटं कशाला सांगू? कडी लावली आणि बराच वेळ भिंतीला टेकून बसले. मग हवालदाराचा तो कागद फाडला. वहीची पानं घेतली आणि सगळं लिहून काढलं. कपबशी, टँकरची वेळ, रस्त्याची सही, आणि दारातून मिळालेली धमकी, शब्दाला शब्द. आबांनी मारलं असं मी लिहिलेलं नाही. ते मला माहीत नाही. मी लिहिलंय, त्यांना विचारा. अकरा वर्षांत ते एकदाही कुणी विचारलेलं नाही.

वडगावच्या कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, हरकत आहे? मी म्हटलं, आहे. त्यांनी पानं ठेवून घेतली आणि पुढची तारीख दिली. बाहेर व्हरांड्यात साहेब भेटले. म्हणाले, यातून तुला काय मिळणार आहे? मी पुढं निघाले. त्यांचं नावही त्या पानांत आहे, ते त्यांना कळेलच.

त्या तारखेला मी जाणार. तिच्या पुढच्याही तारखेला जाणार. माझ्या हाताला रक्त लागलं ते धुताना. ज्याच्या हाताला मारताना लागलं, त्याचं नाव कागदावर येईपर्यंत ही फाईल मी बंद होऊ देणार नाही.