रिकामी चौकट

प्रबंधाच्या विषयाच्या चौकटीत सुमनने टाइप केलं होतं, ‘माझ्या आईचं कोरकू फोनला का कळत नाही?’

मी म्हटलं, “विषय छान आहे गं, पण फोनला शिकवायला कोरकू बोलीचा डेटा, रेकॉर्डिंग, कुठून आणणार?”

ती शेवटून एकेक अक्षर खोडत गेली. ‘माझ्या’ तेवढं राहिलं, मग तेही गेलं.

“मग तुम्हीच सांगा, मॅडम.”

सिनेमाचं परीक्षण चांगलं की वाईट, हे संगणकाला ओळखायला शिकवण्याचा विषय मी दिला; त्याचा डेटा आयता मिळतो. जे कळत नाही त्याच्या मागे जा, असं पहिल्या तासाला मीच शिकवते. माझीच मला लाज वाटली, पण ती नवा विषय टाइप करू लागली तेव्हा तिला थांबवलं नाही.

नंतर व्हरांड्यात ती आईशी फोनवर कोरकूत बोलत होती. मी दाराशी उभी राहून ऐकलं. त्यातला ‘मॅडम’ एवढाच शब्द मला कळला.