बोर्डावर कोणाची नावं?

मास्तरकीत किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माझे तर एकाच गावात साचले! मी धानोऱ्याकडे कॉलेजात इतिहास शिकवते. पोरींना म्हटलं, राण्या पुरे झाल्या, आता आपल्या बायकांचा इतिहास लिहू.

जवळच्या एका गावात पूर्वी मोहाची झाडं तोडायला आलेल्या माणसांना बायकांनी परत पाठवलं होतं. जंगल वाचलं. आता त्यावर ग्रामसभेचा हक्क आहे आणि तिथे बोर्ड लागणार होता. त्यावर त्या बायकांची नावं यावीत, असा माझा हट्ट!

*

त्याच गावची माझी विद्यार्थिनी पल्लवी यादी घेऊन आली. रमेशची माय, किसनची माय, बंडूची माय... अकराच्या अकरा!

"अगं, नावं कुठेत?"

"हेच नावं हायेत ना, मॅडम!"

"तुझ्या आजीचं नाव काय?"

पल्लवीने बराच विचार केला. "आधार कार्ड पाहून सांगू का?"

*

त्या अकराजणींपैकी आता एकट्या सोमारीबाई उरल्यात. मी मोबाइल पुढे धरला, तर त्यांनी हातात टोपली दिली. "मोहा वेचता वेचता बोलू. रिकाम्या हातानं का बोलाचं?"

रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ माझं कण्हणंच आहे! पण त्यांनी अकराही नावं घडाघड सांगितली.

"तुमच्या कशी लक्षात राहिली?"

"जंगलात कोन कोनाची माय? आम्ही नावानंच हाका मारू."

*

गावची सरपंच बाई आहे, पण मीटिंगला नवरा यायचा. एकदा तो ऐटीत खुर्चीवर बसला.

सोमारीबाईंनी विचारलं, "सरपंच काऊन नाई आली?"

"मी आलो ना, बाई!"

"मंग तिच्या वाटचा सैपाक करून आला का?"

पुढच्या मीटिंगला सरपंच स्वतः आली. नवरा मागे लेकराला खेळवत बसला होता. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

*

शेवटी ग्रामसभेत बोर्डाचा विषय निघाला. या ग्रामसभेत मतं मोजत नाहीत, सगळ्यांचं एकमत लागतं. एकाने जरी 'नाई' म्हटलं तरी विषय थांबतो.

जंगलाच्या या ग्रामसभेचा अध्यक्ष सरपंच नसतो, गाव वेगळा निवडतं. ते म्हणजे दसरूभाऊ, वय सत्तरीपार. तेच म्हणाले, "नाई. बायकांचे नावं कशाले? लोक हासतीन."

झालं! वर्षभराची मेहनत गेली, असं वाटून मला रडूच यायला लागलं.

सोमारीबाई उठल्या. "दसरू, तुही माय बी होती ना त्यात. सगळ्यात समोर उभी होती. नाव सांग तिचं."

दसरूभाऊ इकडेतिकडे बघू लागले. "आम्ही मायच म्हनत होतो."

"अन् बाप का म्हने?"

"दसरूची माय."

कोणी हसलं नाही.

"जंगो," सोमारीबाई म्हणाल्या. "जंगो नाव होतं तिचं."

दसरूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"बाई," ते म्हणाले, "अजून एकडाव सांग."